मालवणच्या सहलीचं गाऱ्हाणं

जनीला मार खायची सवय आहे, असं वाडीतले लोक म्हणत. सवय! चहाची असते तशी. दीपकने बावीस वर्षांत बायकोला कशाकशाने मारलं हे सांगायला बसलं तर घरातली निम्मी भांडीकुंडी बाहेर काढावी लागतील. लग्नाच्या चौथ्या दिवशी सारात मीठ जास्त पडलं म्हणून पळी फेकून मारली, तिथून सुरुवात. उजवा कान गेला तो नुसत्या हाताने. मनगट मोडलं तेव्हा पाट होता. दर वेळी जनी डॉक्टरला सांगायची, बांधावरनं पडले. डॉक्टर चिठ्ठी लिहायचा आणि एकदाच म्हणाला होता, तुमच्या गावचे बांध फार वाईट दिसतात.

आणि गाव काय करत होतं? गाव म्हणत होतं, भांड्याला भांडं लागतंच. गुरवाची बायको हळद घेऊन यायची, डोळे पुसायची आणि जाताना सांगायची, "तू पण जरा उलट बोलू नको गो." जनी उलट बोललेली कुणी ऐकलेलं नव्हतं, तरी हा सल्ला तिला दर वेळी मिळायचा. एकुलती एक लेक मृणाली लग्न होऊन पोफळीला गेली ती गेलीच. माहेरी ये म्हटलं की तिला काहीतरी अडचण निघायची. जनी तिला दोष देत नसे.

गाव रत्नागिरीपासून तासाभराच्या अंतरावर, आत. दीपक जयगडला बंदरावर ट्रेलर चालवायचा. शनिवारी संध्याकाळी घरी यायचा, सोमवारी पहाटे मोटरसायकलला किक मारून जायचा. मधले पाच दिवस घरात जनी आणि सासू सोनूबाई. घर सोनूबाईच्या नावावर, तिच्या बापाने दिलेलं. म्हातारीने स्वतः नवऱ्याचा भरपूर मार खाल्लेला, तरी लेक सुनेला मारायला लागला की ती भिंतीकडे तोंड करून माळ ओढत बसे. त्या माळेचा जनीला फार राग यायचा.

भात झोडून झालं, पेंढा रचून झाला, तेव्हा बचत गटाच्या सात बायकांनी सहलीचं काढलं. गटाची प्रमुख वैष्णवी ही मांडवीची मुलगी, या वाडीत दिलेली, बोलायला चुरचुरीत. तिने विचारलं, कुठं जायचं? कुणी गणपतीपुळे म्हणाली, कुणी पावस. कोपऱ्यातून जनी म्हणाली, "मालवण."

सगळ्या वळून बघायला लागल्या. जनीने आजवर काही मागितलेलं कुणाला आठवेना.

"चवथीत गुरुजींनी सांगितला व्हता, समुद्रातल्या किल्ल्यात गोड्या पाण्याच्या विहिरी हायत," जनी म्हणाली. "भोवती खारा आणि मधी गोडा, कसा काय? माला तवापासनं बघायचा हाय."

झालं, मालवण ठरलं. पुढच्या तीन संध्याकाळी वैष्णवीच्या पडवीत नुसता गोंधळ. वैष्णवी मोबाईलवर नकाशा मोठा करून दाखवी: पावस, मग विजयदुर्ग, मग कुणकेश्वर, मालवणात मुक्काम, सकाळी होडीने सिंधुदुर्ग आणि दिवे लागायच्या आत घरी. मालनला गाडी लागते म्हणून तिला पुढची सीट हवी. दुसरीला होडीची भीती, ती म्हणे मी काठावर बसून तुमच्या चपला राखीन. सगळ्यात मोठं भांडण वारावरून. मार्गशीर्षातला गुरुवार आला की मासळी बंद, आणि मालवणला जाऊन मासळी न खाता परतायचं तर जायचंच कशाला? शेवटी मंगळवार-बुधवार पक्का झाला. जनीने आधीपासून मंगळवार-बुधवारच धरून ठेवला होता, पण तिचं कारण बांगड्याचं नव्हतं.

दीपकला सांगायचं नाही, हे तिने वैष्णवीला पहिल्याच दिवशी सांगितलं. मंगळवारी जायचं, बुधवारी परत, शनिवारी तो यायच्या आत सगळं गुपचूप. चांगलं लुगडं तिने वैष्णवीकडे धुतलं, पिशवीही तिथेच भरून ठेवली. सोनूबाईने सगळं पाहिलं आणि माळ ओढत राहिली.

घोडं अडलं ते देवापाशी. वैष्णवी म्हणाली, गाडीतूनच हात जोडू या. मालन खवळली. "देवाला सांगितल्याबगर येस वलांडायची? वाटेत काय झाला तर कोनाकडं बघायचा?" बाकीच्याही तिच्याच बाजूने झाल्या, आणि खरं सांगायचं तर जनीसुद्धा. नवऱ्याला चोरून जायची तिची तयारी होती, गावदेव केदारलिंगाला चोरून जायची नव्हती. मंगळवारी सकाळी सातला देवळात नारळ ठेवून गुरवाने गाऱ्हाणं घालायचं आणि जमलेल्यांनी देवासमोर त्याला होकार द्यायचा, असं ठरलं.

आता गाऱ्हाण्यात देवाला घर सांगायचं ते पुरुषाच्या नावाने. अमक्याची सून, तमक्याची अस्तुरी. गुरवाने घरकऱ्याला, म्हणजे घरच्या कर्त्या पुरुषाला, विचारायचं, तुझं नाव घेऊ ना? धाकू गुरव रीतीला पक्का. सोमवारी दुपारी त्याने सहा घरांना विचारलं. सातवा घरकरी गावात नाही म्हणजे त्याला कुणी विचारणार नाही, असं जनीने धरलं होतं, पण धाकूने फोन लावला.

"दीपक, उद्या तुझी बायको मालवणला चाललेय. गाऱ्हाण्यात तुझा नाव घेतो हां. तू येतोस काय?"

धाकूच्या मनात पाप नव्हतं. पण पाप नसलेल्या माणसांनीही किती नुकसान करावं!

मंगळवारी सातला देवळापुढे गाडी लागलेली. बायका नटून उभ्या, त्यांना पोचवायला आलेली वाडीतली वीस-पंचवीस माणसं सभामंडपात, सोनूबाई खांबाला टेकून. धाकूने नारळ ठेवला, हात जोडले आणि खड्या आवाजात सुरू केलं:

"बा केदारलिंगा म्हाराजा! तुझ्या ह्या लेकी-सुना आज तुझी येस वलांडून चालल्या हायत..."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"त्यांच्या वाटेतला काटाकुटा बाजूला कर, जशा जातायत तशा सुखरूप घरी आण..."

"व्हय म्हाराजा!"

तेवढ्यात मोटरसायकल आली. दीपक चपला न काढता आत शिरला, हातात हेल्मेट. जनी वळली तोच ते तिच्या कपाळावर बसलं. ती पडली, तसा त्याने बुचडा धरून तिला फरशीवरून ओढलं. "माझ्या मागं सहली करतेस? कोन हाय गो तुझा मालवणात?" एक लाथ बरगडीत, एक पोटात. वैष्णवीने त्याचा हात धरला, तिला त्याने खांबावर ढकलून दिली. पुरुष ओरडत होते, "अरे देऊळ हाय, देऊळ!" ओरडत सगळे होते, पुढे एकही येत नव्हता. जनीच्या भुवईतून रक्त वाहून डोळ्यात गेलं होतं. धापा टाकत दीपक थांबला, तो दम घ्यायला.

धाकू गुरव मात्र अजून जोडलेले हात सोडत नव्हता. त्याची भीती निराळीच होती. घातलेलं गाऱ्हाणं अर्ध्यावर सोडत नाहीत. सोडलं तर गावावर येतं. पुढचे शब्द मात्र त्याला सुचत नव्हते. तो नुसताच म्हणत राहिला, "बा म्हाराजा... बा म्हाराजा..."

"बा म्हाराजा," जनी जमिनीवरून म्हणाली.

बाईने गाऱ्हाणं घातलेलं त्या देवळात कुणी ऐकलं नव्हतं. ती एका हातावर उठून बसली, दीपककडे नाही, गाभाऱ्याकडे तोंड करून. तिला आता भीती वाटत नव्हती. इतका मार खाऊन झाला होता की आणखी काय होणार, हे तिला कळेना.

"मी जनी. ह्यानं माजा उजवा कान फोडलान."

मग खांबाशी पडलेली वैष्णवी म्हणाली, "व्हय म्हाराजा."

"मी डॉक्टरला सांगितला, बांधावरनं पडले. ता खोटा व्हता."

"व्हय म्हाराजा." आता सहाही बायका.

"मृणालीच्या पाठीवरचा पोर तीन म्हयन्यांचा पोटात व्हता. लाथ मारलान. गेला."

"व्हय म्हाराजा," मालन रडत म्हणाली. मागून दोन-तीन पुरुषांचे आवाजही आले, खाली मान घालून काढलेले.

दीपक ओरडला, "गप बस!" आणि हेल्मेट उचललं. पण गाऱ्हाणं चालू होतं, आणि ते चालू असताना मध्ये पडणाऱ्याला गाव काय करतं हे तोही लहानपणापासून जाणून होता. या वेळी दोघा-तिघांनी पुढे होऊन त्याचा दंड धरला. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"ह्या समद्या गावाला म्हाईत व्हता," जनी म्हणाली.

याला मात्र कुणी होकार देईना. माणसं एकमेकांकडे बघत होती, फरशीकडे बघत होती. जनी थांबली. तिला घाई नव्हती. शेवटी धाकू गुरवाच्या तोंडून फुटक्या आवाजात निघालं, "व्हय म्हाराजा." मग एकेक करत सगळे म्हणाले.

जनीने पदराने डोळ्यातलं रक्त पुसलं.

"मी आता मालवणला चाललेय. उद्या परत येईन, तवा ह्यो मानूस घरात नको."

गावाने हो म्हणून भागणार नव्हतं. घर कुणाचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. माणसं सोनूबाईकडे वळली. दीपकही वळला. "आये," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम लहान झाला होता.

म्हातारी खांबाला धरून उभी होती. तिने लेकाकडे पाहिलं. मग हातातली माळ कनवटीला खोचली आणि हात जोडले.

"व्हय म्हाराजा," सोनूबाई म्हणाली.