नवरात्रात एकही गोळी उरली नाही

टेबलावर बावीस बायकांची गोळ्यांची पाकिटं होती आणि एकाही पाकिटात एकही गोळी उरलेली नव्हती. डॉक्टरसाहेब खूश होते. मी नव्हते.

"सिस्टर, याला म्हणतात कम्प्लायन्स," ते म्हणाले. "हंड्रेड पर्सेंट! कंपनीचा अभिनंदनाचा मेल आलाय."

कम्प्लायन्स म्हणजे सांगितलंय तसं औषध घेणं. शुगरच्या एका नव्या गोळीची ट्रायल आमच्या नगरच्या हॉस्पिटलात चालू होती. ट्रायलमधल्या पेशंटना शुगरनं बिघडलेल्या डोळ्यांचं लेझर फुकट. पेशंटनी महिन्याची पाकिटं परत आणायची, उरलेल्या गोळ्या आम्ही मोजायच्या. मी तिथलीच रिटायर्ड नर्स, आता एथिक्स कमिटीवर. माणसांवर नवं औषध तपासताना कुठवर जायचं आणि कुठं थांबायचं, हे ही कमिटी ठरवते. लोकांना वाटतं आम्ही बिस्किटं खातो आणि सह्या करतो. ते अगदीच खोटं नाही.

मी पाकिटांवरच्या तारखा पाहिल्या. महिना नवरात्राचा.

मी ख्रिस्ती, माझ्या घरी घट बसत नाहीत. पण वॉर्डात तीस वर्षं काढली की सगळ्यांचे उपवास पाठ होतात. ही गोळी जेवणानंतरची. उपाशीपोटी घेतली तर शुगर एकदम उतरते, म्हणून 'जेवण नाही तर गोळी नाही' असं संमतीच्या फॉर्मवरच लिहिलेलं. आणि आपल्याकडच्या बायका नऊ दिवस उपवास धरतात. मग गोळ्या उरायला नकोत? अहो, निदान एकीच्या तरी? कुठंतरी पाणी मुरत होतं.

माझा संशय पल्लवीवर गेला. ती ट्रायलची कोऑर्डिनेटर. गावोगाव जाऊन पाकिटं गोळा करायची, नोंदी ठेवायची.

"पल्लवी, उरलेल्या गोळ्या कुठं टाकल्यास?"

तिचा चेहरा उतरला. "सिस्टर, शप्पथ, मी पाकिटाला हात लावत नाही. देतात तशी मोजते."

"मग उद्या मी येते तुझ्याबरोबर."

"उद्या... उद्या कशाला?"

झालं! माझा संशय दुप्पट झाला.

जामखेडच्या पुढं एका वस्तीवर सुंदराबाई राहतात. ट्रायलमधल्या बावीसजणींपैकी एक. दारात आल्या तर कपाळावर टाके.

"हे काय झालं?"

त्यांनी आधी पल्लवीकडं पाहिलं. "काय न्हाई. पाय घसरला."

मी नर्स आहे. पाय घसरलेली बाई दुसऱ्याच्या तोंडाकडं बघून उत्तर देत नाही. पल्लवीला मी गाडीतलं बीपीचं मशीन आणायला पाठवलं आणि ओट्यावर बसले.

"आता सांगा."

"उपासाची हुते. गोळी घेतली आन् दळान घिऊन निघाले. हातपाय लटलट कापाया लागले, डोळ्याम्होरं अंधारी. गिरणीच्या पायरीवर आपटले."

"जेवण नाही तर गोळी नाही, हे सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं हुतं की."

"मग का घेतलीत, बाई?"

"गोळी उरली की नाव कटतंय न्हवं! नाव कटलं की डोळ्याचं लेझर बंद. आता कुटं सुईत दोरा ववता याया लागलाय, सिस्टर. उपास मोडायचा न्हाई आन् नाव बी कटू द्यायचं न्हाई, मग काय करावं मानसानं?"

"आणि बाकीच्या?"

"कुनी घेती, कुनी चुलीत टाकती. पाकीट रिकामंच देत्यात."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. गाडीत पल्लवीला फैलावर घेतलं. ती रडायलाच लागली. "साहेबच म्हणाले, गोळ्या उरवणारे पेशंट कंपनीला चालत नाहीत. मी तेवढंच पुढं सांगितलं."

घरी येऊन मी फॉर्म काढला. 'आपण कधीही ट्रायलमधून बाहेर पडू शकता.' छान. पण बाहेर पडल्यावर डोळ्यांच्या उपचाराचं काय, याबद्दल अक्षर नाही. आणि खाली मंजुरीची सही माझी. मेल्याहून मेल्यासारखं झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाले होते, आणि चोरांत मीही होते.

दुसऱ्या दिवशी कमिटीची तातडीची मीटिंग लावली आणि ट्रायल चालवणाऱ्या डॉक्टरसाहेबांनाही बोलावलं.

"साहेब, बाई पडली, टाके पडले, आणि तुमच्या फायलीत ते नाही."

"कळवू की. पण त्यासाठी ट्रायल अडवू नका, सिस्टर. ही गोळी बाजारात यायची लाखो पेशंट वाट बघतायत."

"त्या लाखांसाठी सुंदराबाईंनी पडायचं, हे त्यांना विचारलं होतंत?"

शेवटी ठरलं ते असं : फॉर्म बदलेपर्यंत नवा पेशंट घ्यायचा नाही. सुंदराबाईंचं पडणं वर कळवायचं. आणि ट्रायल कुणी सोडली तरी डोळ्यांचा उपचार हॉस्पिटलनं चालू ठेवायचा. पल्लवीनं बावीस घरी जाऊन हे स्वतः सांगितलं. साहेब अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. बोलेनात का!

पुढच्या महिन्यात सुंदराबाई स्वतः नगरला आल्या. पाकिटात सहा गोळ्या शिल्लक.

"ह्या उपासाच्या दिवसाच्या उरल्या. आन् आता माजं नाव काडा."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "काढा."

त्यांनी नाव काढलं. सहा गोळ्या, हा कमिटीत आल्यापासून मी पाहिलेला पहिला खरा आकडा. बाहेर पडायची भीती असेल तर आत येतानाच्या सहीला काही अर्थ नसतो, एवढं मी त्या सहा गोळ्यांवरून शिकले.

"लेझरचा नंबर कुटं लावू?" सुंदराबाईंनी हळूच विचारलं.

मी त्यांना डोळ्यांच्या ओपीडीत घेऊन गेले. साहेबांनी शब्द दिला होता, तो ते पाळतील असं मला वाटत होतं. तरी आतून सुंदराबाईंचं नाव पुकारेपर्यंत मी रांगेतून हलले नाही.