हाकेला ओ

"साहेब, हे मशीन रिॲक्टरवर नको," मी म्हणाले. कॉन्फरन्स रूममधले सगळे माझ्याकडे न बघता सुलभाकडे बघायला लागले. तो नवा कॉम्प्युटर तिने निवडलेला होता.

डोंबिवली एमआयडीसीतली आमची रंगांची कंपनी. नव्वदीची मधली वर्षं. मी इन्स्ट्रुमेंट इंजिनीअर, सुलभा कॉम्प्युटर डिपार्टमेंटची. ऑफिसर बायका आम्ही दोघीच. डबा रोज एकत्र. माझं वालाचं बिरडं तिचं, तिची भाकरी माझी, हे ठरलेलंच.

"अगं, एकशे तेहतीस मेगाहर्ट्झ आहे," सुलभा म्हणाली. "तुझं ते डबडं तेहतीसवर रखडतंय. चौपट फास्ट!"

"मग पगाराच्या हिशोबाला ने की! तिथे उत्तमच आहे."

मेगाहर्ट्झ म्हणजे ढोबळमानाने प्रोसेसरचा वेग. पण कुठलं काम आधी घ्यायचं, हे ऑपरेटिंग सिस्टीम ठरवते. सुलभाची सिस्टीम रंगीत, माऊसवाली, सगळ्यांना खूश ठेवणारी. माझी काळ्या स्क्रीनची, रियल-टाइम. म्हणजे हातातलं टाकून आधी हाकेला ओ देणारी. रिॲक्टर म्हणजे रसायनं शिजवायचं भलंमोठं बंद पातेलं. ते फार तापलं की हाक मारतं. थंड पाण्याचा व्हॉल्व्ह वेळेत उघडला नाही, तर शेजारी उभ्या ऑपरेटरची खैर नाही.

"टेस्ट घ्या आणि मिटवा," साहेब वैतागले.

दोन्ही मशीन्सना तापल्याचा खोटा सिग्नल दिला आणि त्याच वेळी रिपोर्टची प्रिंटही मागितली. माझ्या डबड्याने प्रिंट अर्धवट सोडली, व्हॉल्व्ह खाडकन उघडला. सुलभाच्या स्क्रीनवर वाळूचं घड्याळ आलं आणि तिथेच बसलं. रिपोर्ट मात्र सुरेख छापून आला.

कोणीतरी फिदीफिदी हसलं. मी नव्हते हसले, देवाशपथ! पण सुलभाने बघितलं ते माझ्याकडेच.

डबडं रिॲक्टरवर राहिलं. साहेबांनी माझी पाठ थोपटली. दुपारी कॅन्टीनमध्ये मी हाक मारली, "सुलभा, ये गं, बिरडं आणलंय." तिला ऐकू गेलं होतं. ती अकाउंट्सवाल्यांच्या टेबलावर जाऊन बसली. पुढे कितीतरी दिवस मी शेजारची खुर्ची धरून ठेवायचे. मग तिची बदली झाली.

तो रिॲक्टर मी रिटायर होईपर्यंत नीट चालला. एकटीने जेवणं मला शेवटपर्यंत जमलं नाही, घास फिरायचा तोंडात.

वेग आकड्यात लिहून मिळतो. ओ येणार की नाही, ते हाक मारल्यावरच कळतं. आता दोघी ठाण्यातच, मी नौपाड्यात, ती वर्तकनगरला, रिक्षाच्या अंतरावर. दर दिवाळीला फोन करते. रिंग पूर्ण वाजते.