नळवाल्याच्या शेजारचं बटण

म्हाताऱ्यांना आणि पोरांना झेपेल असा फोन बनवणं हेच तिचं काम, म्हणून ऑफिसात तिला सगळे बटणताई म्हणत. कोणतं बटण केवढं, कुठे, कोणत्या रंगाचं, यावर ती दिवसभर डोकं शिणवायची. तिच्या फोनवरून अजून शाळेतही न जाणारी पोरं आज्जीला बिनचूक फोन लावत. घोडं अडलं ते घरातच, वडिलांपाशी.

आई गेल्यापासून वडील एकटे राहत. भाऊ त्यांना स्वतःकडे न्यायला बघत होता आणि वडील काही केल्या घर सोडायला तयार नव्हते. शेवटी ठरलं, की तिचा नवा फोन त्यांना जमला तर त्यांना तिथेच राहू द्यायचं. गळ्यात अडकवायचा फोन, त्यावर तीन मोठी बटणं आणि प्रत्येकावर एक फोटो: ती, भाऊ आणि खालच्या मजल्यावरचा नळवाला. नळवाल्याला वडिलांनीच हट्टाने बसवून घेतलं होतं.

आणि एक दिवस वडील न्हाणीघरात घसरले. फोन गेला नळवाल्याला. त्याने त्यांना उचलून कॉटवर बसवलं, पाय चोळून दिला आणि मग तिला कळवलं.

"चुकून दाबलं गेलं असणार," तिने भावाला सांगितलं आणि स्वतःचा फोटो मोठा केला. पुढे वडिलांना ताप आला, फोन नळवाल्याला. तिने त्याला तळाशी ढकललं, स्वतःला वर घेतलं, भोवती हिरवी चौकट काढली. चष्मा सापडेना, फोन पुन्हा नळवाल्याला. तिची मती गुंग झाली. नजर शाबूत, बोटं स्थिर, बटण चांगलं बिस्किटाएवढं. तिच्या धाकटीने आजोबांच्या मांडीवर बसून पहिल्याच फटक्यात आईला फोन लावला होता. मग बाबांचंच कुठे बिनसत होतं?

"आता पुरे झाले तुझे प्रयोग," भाऊ म्हणाला. "रविवारी मी त्यांना घेऊन जातो."

रविवारी भाऊ यायच्या आत ती वडिलांसमोर बसली. "बाबा, माझं बटण दाबून दाखवा."

त्यांनी दाबलं. तिच्या पर्समधला फोन वाजला. ती आणखीच चक्रावली.

"येतंय की तुम्हाला. मग घसरलात तेव्हा नळवाल्याचं कसं दाबलं गेलं?"

"दाबलं गेलं नाही गं. मीच दाबलं."

"का पण?"

वडील जरा चाचरले. "त्याला लावला की तो म्हणतो, आलोच. तुला लावला की तू विचारतेस, बाबा, काही काम होतं का? मग मी आठवत बसतो, तुला सांगण्याजोगं काम आहे का ते."

तिला रडू आलं, आणि रागही आला. कुणाचा ते मात्र कळेना. एवढ्यात भाऊ दारात आला, हातात रिकामी बॅग. "जमलं का त्यांना?"

"त्यांना जमतंच होतं," ती म्हणाली. "बॅग घेऊन जा तू."

त्या आठवड्यात ऐन मीटिंगमध्ये तिचा फोन वाजला. बाबा. नेहमीचा प्रश्न अगदी ओठांवर आला होता, तो तिने गिळला.

"आलेच," ती म्हणाली आणि पर्स उचलून उठली.

"अगं, कशाला?" वडील गोंधळले. "मी सहज लावला होता."