दादाच्या वहीतले चोर

त्या दिवशी सकाळी दादानं छोटीच्या जुडग्यातनं दुकानाची किल्ली काढून घेतली. बोलला काही नाही. ओट्यापाशी आला, जुडगा उचलला, अंगठ्याच्या नखानं कडी फाकवली, किल्ली सरकवली आणि शर्टाच्या खिशात टाकली. चाळीस वर्षं किल्ल्याच कापल्या माणसानं, त्याला वेळ किती लागणार.

"हे काय?" छोटीनं विचारलं.

"काही नाही. कडी सैल झालीय."

"कडी सैल आहे तर घराची किल्ली बरी ठेवलीस."

"घरात तू राहतेसच," दादा म्हणाला. "तिथं काय इलाज आहे?"

छोटीनं जुडगा उचलून पिशवीत टाकला. ती म्हणाली, "तुझी कुलपं तुलाच लखलाभ," आणि चहा गाळायचा तसाच ठेवून कामावर निघून गेली. दारसुद्धा जरा जोरातच लावलं. बोलायला असं काही फार नव्हतं, पण तेच शेवटचं झालं.

दुपारी साडेबाराला ती इस्पितळाच्या धुलाईघरात होती. चादरी इस्त्रीच्या मोठ्या रोलरमधनं येतात, एकीनं एक टोक धरायचं, दुसरीनं दुसरं, मधे घडी, परत घडी. सतरा वर्षं तेच काम. तिथं फोन आला, दादाच्या दुकानाशेजारच्या सायकलवाल्याचा. म्हणाला, ताई, या लगेच. दादा स्टुलावरच बसले होते म्हणाला, समोर पकडीत किल्ली अर्धी घासलेली, हातात कानस. मी हाक मारली तर मान वर केली नाही, मला वाटलं कामात आहेत.

तो गेलेलाच होता. डॉक्टर म्हणाले हृदय थांबलं, त्रास झाला नसेल.

आता छोटी म्हणजे दादाची धाकटी बहीण. वय चोपन्न, पण दादासाठी छोटीच. नवरा वारल्यावर ती भावाकडे आली, चौदा वर्षं झाली. दादानं लग्न केलं नव्हतं. का नाही केलं विचारलं की म्हणायचा, माझ्या कुलपाला जोडीची किल्ली कंपनीनं दिलीच नाही. पण ती आली त्याच दिवशी त्यानं तिच्यासाठी दोन किल्ल्या कापल्या, एक घराची, एक दुकानाची. म्हणाला, दुकानाची किल्ली मी कुणाला देत नाही, तुला देतोय. म्हणून त्या किल्लीचं इतकं लागलं तिला.

दादाचा स्वभाव संशयी, हे खोटं कशाला बोलायचं. धंदाच तसा. रोज लोकांची कुलपं उघडून द्यायची, मग माणसाला कळून चुकतं की जगात बंद असं काही नसतंच. घराबाहेर पडला की दोनदा कडी ओढून बघायचा, चार पावलं जाऊन तिसऱ्यांदा परत यायचा. दूधवाला नवीन आला तर महिनाभर त्याच्याकडे किलकिल्या डोळ्यांनी बघायचा. आणि संध्याकाळी सहाला कम्प्युटरपुढे बसून त्याचं एकच, कुलपं उघडणाऱ्या लोकांचे व्हिडिओ. बघायचा आणि शिव्या घालायचा. "हा बघ, हा चोरी शिकवतोय आणि वर लोक वाहवा करतायत! अरे गाढवा, सळई उलटी धरलीस!" छोटी भाजी निवडत आतनं विचारायची, "मग तू कशाला बघतोस?" तर म्हणायचा, "शत्रूचं शिक्षण कुठवर आलंय ते कळायला नको?"

घरातलं वायफाय लावायला माणूस आला होता, त्यानं बोलता बोलता सांगितलं की प्रत्येक फोनला, कम्प्युटरला आपापला नंबर असतो, जसा किल्लीवर ठोकलेला असतो. तुम्ही वायफायच्या डब्यात यादी करून ठेवली तर त्या नंबरांनाच आत घेतं, बाकीच्यांना पासवर्ड माहीत असला तरी बाहेरच. दादाला हे इतकं आवडलं की त्या माणसाला त्यानं दोनदा चहा दिला. यादीत दोनच नंबर, त्याचा कम्प्युटर आणि छोटीचा फोन. स्वतःचा फोन त्याचा जुना, बटणांचा. परकं कुणी दार वाजवून गेलं तर त्याचाही नंबर डब्याच्या पानावर महिनाभर दिसतो, तारीख-वेळेसकट, ते पान फोनवर उघडायचं. तीन वर्षांत दादानं ते पान जेव्हा जेव्हा उघडलं तेव्हा कुणी आलेलं नव्हतं. दादा म्हणायचा, अशी जागरूक वस्तू सरकारनं पहाऱ्याला ठेवावी.

मग कम्प्युटरची सिस्टीम नवी करा, नवी करा असं पडद्यावर सारखं येऊ लागलं. दादानं सहा महिने टाळलं. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी केलं. सगळी दुपार चाक फिरत होतं. मधे मधे ते काय काय विचारायचं, हे चालू ठेवायचं का, ते लपवायचं का, कुणी पाळत ठेवू नये म्हणून अमुक करायचं का. दादा चष्मा लावून एकेक वाचायचा आणि सुरक्षेचं जे जे दिसलं त्याला हो म्हणायचा. संध्याकाळी झालं. सगळं छान दिसत होतं, रंगबिरंगी. फक्त वायफाय लागेना.

पासवर्ड टाकला, नाही. बंद करून चालू केलं, नाही. डबा बंद-चालू केला, नाही. छोटीचा फोन मात्र लख्ख चालत होता.

"तुझं चालतंय," दादा म्हणाला.

"मग? बंद करू?"

"मी म्हटलं फक्त. तुझं चालतंय."

त्यानं तिचाच फोन घेतला आणि डब्याचं ते पान उघडलं. तिथं एक अनोळखी नंबर. दार वाजवलेला, बाहेर ठेवलेला. दुसऱ्या दिवशी आणखी एक, वेगळाच. तिसऱ्या दिवशी तिसरा. दादानं वही केली. चौकोनी वही, त्यात तारीख, वेळ, नंबर, आणि पुढे एक शब्द, चोर. अकरा दिवसांत अकरा चोर.

"आणि कसे येतात बघ," तो सांगायचा, "दुपारी मी जेवायला येऊन कम्प्युटर लावला की एक वाजता. संध्याकाळी सहाला बसलो की सहाला. मी नसलो की कुणी फिरकत नाही. म्हणजे कुणीतरी बघतंय मी कधी बसतो ते. जवळचंच कुणीतरी. माझी जागा तेच अडवून बसलेत, म्हणून माझं लागत नाही."

बोलताना तो छताकडे बघायचा. वर चष्मेवाल्या बाई राहायच्या. चष्म्याच्या दुकानात नोकरी, एकट्या, आवाज नाही की काही नाही. दादाचं म्हणणं, आवाज नाही हेच तर.

इथं छोटी विषय बदलायची. कारण ती दादाला जे बोलली नव्हती ते हे, की चार महिन्यांमागं चष्मेवाल्या बाईंचं नेट बंद पडलं होतं, बहिणीचं ऑपरेशन होतं लांब गावी, खबर यायची होती, आणि जिन्यात भेटल्या तेव्हा छोटीनं त्यांना पासवर्ड सांगितला होता. चिठ्ठीवर लिहून दिला होता. एकाच दिवसापुरता म्हणून. यादीचं तिला तेव्हा आठवलंच नाही. मग तिच्या मनात पाल चुकचुकायला लागली, की आपण दार उघडून दिलं म्हणूनच हे सगळं.

पाचव्या दिवशी दादानं बाईंना जिन्यातच गाठलं. छोटी मागं पिशवी घेऊन उभी होती.

"तुमच्याकडे किती फोन आहेत हो?" दादा.

"एक. का?"

"एक. आणि रोज नंबर बदलतो त्याचा?"

"काय बोलताय तुम्ही?"

"मी बोलत नाही, वही बोलते. दुसऱ्याच्या दारात हात घालायला लाज वाटली पाहिजे."

बाई पांढऱ्याफटक झाल्या. त्यांनी छोटीकडे पाहिलं. छोटीनं त्या वेळी सांगायला हवं होतं. तिनं पिशवीतल्या कांद्यांकडे पाहिलं. दादानं दोघींची ती नजर बरोबर टिपली. चाळीस वर्षं फटीतनं बघून काम करणारा माणूस तो. त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलायचा पण मोजून मापून, आणि बाराव्या दिवशी सकाळी किल्ली काढून घेतली.

दुकानाची ती किल्ली इस्पितळातनं पाकिटात आली, चष्मा, रुमाल आणि किल्ली. छोटीनं पाकीट कपाटात ठेवलं. रडायला येत होतं पण त्यात सारखा हाच खडा, की तो गेला तेव्हा माझ्याबद्दल काय मनात घेऊन गेला. लोक भेटायला यायचे, म्हणायचे भाग्यवान माणूस, बसल्याबसल्या गेला. ती मान हलवायची.

नवव्या दिवशी एक कम्प्युटरवाला आला. मिशीवाला, पोट सुटलेला, दादाचं जुनं गिऱ्हाईक. दारात उभा राहून म्हणाला, "मावशी, मला आजच कळलं. काकांचा त्याच दिवशी सकाळी दुकानातनं फोन आला होता. म्हणाले घरात चोर आहे, येऊन बघ. मी म्हटलं पुढच्या आठवड्यात येतो."

"आणखी काय म्हणाला?"

"म्हणाले, बहिणीसमोर काही बोलू नकोस."

छोटी खालीच बसली. "माझ्यावर संशय होता म्हणून, की मला त्रास नको म्हणून?"

"ते नाही सांगितलं, मावशी." तो बिचारा कानकोंडा झाला. "बघू का कम्प्युटर? आलोच आहे तर."

त्यानं लावला. दादाची वही शेजारीच होती. दहा मिनिटं त्याची बोटं चालली, मग म्हणाला, "मावशी, तुमच्या फोनवर ते पान उघडा." उघडलं. बारावा चोर नुकताच आला होता, त्याच मिनिटाला. कम्प्युटरवाल्यानं पडद्यावर एक नंबर दाखवला, मग फोनवर. एकच.

"म्हणजे?"

"म्हणजे चोर हाच." त्यानं कम्प्युटरवर टकटक केलं. "नव्या सिस्टीममधे एक सोय असते. बाहेर कुणी ओळखू नये म्हणून हा रोज वेगळा नंबर लावून जातो. काकांनी ती चालू केली. आणि काकांच्या यादीत याचा जुना नंबर. मग डबा याला आत कसा घेणार? ज्या वेळी काका बसायचे त्याच वेळी चोर यायचा, कारण काकाच तो लावायचे." तो हसायला लागला, आणि छोटीचं तोंड बघून थांबला. "दुसऱ्या कुणाचा एकही नंबर नाही यात. एकही नाही."

त्यानं ती सोय बंद केली. वायफाय लागलं. एक व्हिडिओ आपोआप सुरू झाला, कुणीतरी कुलपात सळई घालत होता. छोटीनं आवाज बंद करायला सांगितलं.

तो गेल्यावर ती बराच वेळ वही घेऊन बसली. वरच्या बाईंना सांगायचं तर म्हणावं लागणार, माझा भाऊ चुकला. माणूस जाऊन नऊ दिवस झालेले, आणि त्याची चूक आपणच घेऊन जिना चढायचा. न सांगावं तरी कुणाला कळणार नव्हतं. दादा असता तर म्हणाला असता, गप्प बस. कदाचित म्हणाला नसता. तेच तर कळायला मार्ग नव्हता आता.

ती चढली. दार वाजवलं. दार चार बोटं उघडलं, मधे साखळी, नवी कोरी. फटीत चष्म्याची एक काच.

"काय आहे?"

"चोर कुणी नव्हतंच," छोटी म्हणाली. "आमचा कम्प्युटरच होता. दादाला कळलं नाही. तुम्हाला जिन्यात बोलला ते चुकीचं बोलला. आणि मी तिथं होते, मी गप्प राहिले. चिठ्ठी मीच दिली होती तुम्हाला, ते सांगितलं नाही."

फटीतली काच जरा जवळ आली. मग फटीतनं आवाज आला, "ती चिठ्ठी? तो पासवर्ड लागलाच नाही मला. दिवसभर टाकत होते. खबर दुसऱ्या दिवशी कळली मला." जरा थांबून, "मला वाटलं तुम्ही मुद्दाम चुकीचा दिलात. तोंडावर नाही म्हणता येत नाही म्हणून."

"अहो नाही हो!" छोटीचा आवाज चढला. "मी बरोबरच दिला होता!"

"मला काय माहीत."

"यादी होती. यादीत तुमचा नंबर नव्हता. तेव्हा पान कुणी बघितलं नाही म्हणून कळलं नाही." छोटीनं कपाळाला हात लावला. चार महिने या बाई आपल्याला तसं समजत होत्या, जिन्यात भेटल्या की मान लववून जात होत्या, आणि आपल्याला पत्ता नाही.

दार बंद झालं. तिच्या तोंडावर, हळूच, पण बंद.

छोटी उभी राहिली. मग वळली, कठड्याला धरून एक पायरी उतरली. मागं साखळी घसरल्याचा आवाज झाला, आणि दार पूर्ण उघडलं.

"साखळी काढायला दार लावावं लागतं ना," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. "चाललात कुठं?"