‘येते’ म्हणून निघालेली दानव्वा

धारवाडच्या आमच्या मुलींच्या वसतिगृहात दानव्वा भाकऱ्या करायची. दीडशे मुलींच्या भाकऱ्या, आणि एकही करपलेली नसायची. मी त्याच वसतिगृहाची रेक्टर आणि कॉलेजात समाजशास्त्राची बाई. माझं संशोधन बुवा-महाराजांच्या पंथांवर होतं. माणसं तिथं कशी अडकतात, दाराला कुलूप नसताना का बसून राहतात, हे मला शोधायचं होतं. त्यासाठी मी एक्केचाळीस प्रश्नांचा फॉर्म बनवला होता आणि त्याचा मला भारी तोरा होता. दानव्वा नदीकाठच्या शांतिधाम नावाच्या आश्रमात आठ वर्षं राहून आलीय हे कळलं, तेव्हा मला तिची कीव वगैरे काही आली नाही. घरबसल्या माहिती मिळणार म्हणून आनंद झाला, खोटं कशाला सांगू?

सकाळी चुलीपाशी पाट टाकून मी प्रश्न विचारायला बसायचे.

“तुला कुणी डांबून ठेवलं होतं का?”

“नाही री अक्का. फाटक सदा उघडं.”

“मारहाण?”

“शिव शिव! अज्जांनी कधी आवाजसुद्धा चढवला नाही.”

“मग आठ वर्षं राहिलीस कशाला?”

तिनं भाकरी उलटली. “हे तुमच्या कागदात लिहिलंय?”

नव्हतं लिहिलं. मी फॉर्म मांडीखाली सारला, तेव्हा कुठं बाई बोलायला लागली.

नवऱ्यानं दुसरी आणली म्हणून दानव्वा भावाकडे परत आली होती. भावजय वाईट नव्हती, पण सगळ्यांची जेवणं होईपर्यंत दानव्वाचं जेवण राहिलंय हे कुणाच्या ध्यानात नसे. एकदा शेजारणीबरोबर ती शांतिधामात गेली. तिथल्या महाराजांनी, पांढऱ्या दाढीच्या अज्जांनी, तिला पहिलाच प्रश्न केला, “जेवण झालं का पोरी?” आमच्याकडे हे कुणीही कुणालाही रस्त्यात विचारतं आणि उत्तराला थांबत नाही. अज्जा थांबले. दानव्वा तिथंच रडली आणि तिथंच राहिली. यात मूर्खपणा काय, हे मला कुणीतरी सांगावं.

अज्जा कुणालाही शिक्षा करत नसत. चुकणाऱ्याच्या वाटचा उपास ते स्वतः करत. तिथं वेणी घालायलाही परवानगी लागायची. एकदा दानव्वानं न विचारता घातली. दुपारी पंगतीत अज्जांनी ताट पुढं सरकवलं आणि डोळे मिटून बसले. ऐंशी माणसं हातातला घास तसाच धरून तिच्या वेणीकडे बघत राहिली. त्यानंतर ती पाणी प्यायचं झालं तरी विचारायची. माझ्या फॉर्ममध्ये ‘शिक्षेचे प्रकार’ असा रकाना होता. त्यात काय लिहू?

भावाच्या नातीच्या बारशाला म्हणून ती चार दिवसांची परवानगी काढून निघाली. फाटकापाशी वाकून म्हणाली, “बर्तीनि.” म्हणजे येते. निघताना सगळेच म्हणतात, तुम्हीआम्ही म्हणतो तसंच. जाते असं कोण म्हणेल? जातं ते मेलेलं माणूस. बारशाला तिनं विचारल्यावाचून दोनदा पाणी प्यायलं, कुणाचाच उपास घडला नाही, आणि तिचा पाय परत वळेना. म्हणून ती आमच्या स्वयंपाकघरात आली.

तेव्हापासून दर सोमवारी चन्नक्का यायची. ही शांतिधामातली कोठी सांभाळणारी, गोड बोलणारी, जाडजूड बाई. धमकी नाही, तंटा नाही. प्रसादाची पुडी पुढं करायची आणि म्हणायची, “येते म्हणाली होतीस ना गं? अज्जांनी ऐकलंय. रोज तुझं ताट मांडतो, वाढतो. सोमवारी अज्जा जेवत नाहीत. तू आलीस की जेवतील.”

चन्नक्का गेली की दानव्वाही सोमवारची उपाशी राहायची. आठवड्यातल्या एका दिवसाचे तीन झाले. दंडातली वाकी कोपरावर उतरली. एक दिवस म्हणाली, “अक्का, सोमवारी मी चन्नक्काबरोबर परत निघते. म्हाताऱ्या माणसाला किती दिवस उपाशी ठेवू? शब्द दिलाय मी.”

माझं डोकं फिरलं. “अगं बाई, तो काय शब्द आहे? बोलायची पद्धत आहे ती! नुसती तोंडातून निघालेली वाफ!”

“असं?” ती म्हणाली. “मग जाताना तुम्ही मला एकदा ‘जाते’ म्हणून दाखवा.”

तोंड उघडलं, पण जीभ वळेना. सोळा वर्षं समाजशास्त्र शिकवलेल्या बाईची जीभ! दानव्वा हसली नाही. मग म्हणाली, “तोच शब्द द्यायला हवा होता मी. चला माझ्याबरोबर.”

रविवारच्या दुपारी आम्ही शांतिधामात पोचलो तेव्हा पंगत बसली होती. रांगेत एक ताट माणसाविना होतं. भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, सगळं वाढलेलं. सगळ्यांचे चेहरे उजळले. मला वाटलं, संपलं, ही आता उठत नाही. दानव्वा ताटावर बसली आणि जेवली. चाटूनपुसून जेवली. मग नळावर जाऊन ताट घासलं, पुसलं आणि चन्नक्काच्या हातात दिलं.

“हे आता कोठीत ठेवा. उद्यापासून मांडू नका.” अज्जांकडे वळून, हात जोडून ती म्हणाली, “अज्जा, तुम्ही मला जेवू घातलंत. मी जाते.”

कुणाच्या तरी हातातून भांडं पडलं. अज्जा मायेनं म्हणाले, “असं अभद्र बोलू नये पोरी. येते म्हण.”

कुणाच्याही आईनं हेच सांगितलं असतं. माझ्याच ओठांवर आलं होतं, म्हण गं बाई, म्हणून टाक. पण तिनं नकारार्थी मान हलवली. अज्जांनी स्वतःचं ताट पुढं सरकवलं आणि डोळे मिटले. ऐंशी माणसं तिच्याकडे बघायला लागली. दानव्वाच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

“जेवा हो अज्जा,” ती म्हणाली. “तुमच्या भुकेला मी कारण नाही.” आणि फाटकाबाहेर पडली.

बसस्टँडवर तिनं ते सगळं जेवण ओकून टाकलं. मी तिचं कपाळ धरून उभी होते आणि मला तिचा इतका अभिमान वाटत होता की फॉर्मबिर्म सगळं विसरले.

दुसऱ्या दिवशी सोमवार. चन्नक्का आलीच. मी कमरेला पदर खोचून दारात आडवी उभी राहिले. पण आज तिच्या हातात पुडी नव्हती. ती माझ्याकडे बघतही नव्हती. माझ्या खांद्यावरून आत, चुलीकडे बघत तिनं हळूच विचारलं, “दानव्वा, तो शब्द बोलताना फार भ्यायला होतं का गं?”

“फार,” दानव्वा म्हणाली. “आत ये. जेवलीस का?”