मांजरीचं पथ्य

भवानीनगरला आमच्या शेजारी एक सोवळे कारकून राहायचे. आमच्याकडं मटण शिजलं की ते खिडकी धाडकन लावून घ्यायचे.

त्यांच्या मांजरीला साखरेचा रोग झाला. सुईचा खर्च ऐकून त्यांनी हात जोडले, तेव्हा बारामतीच्या गुरांच्या डॉक्टरनं दूधभात बंद करून नुसतं उकडलेलं मटण घालायला सांगितलं. खाटकाकडं जाणं त्यांच्या सोवळ्यातही बसेना आणि खिशालाही परवडेना. मग खिडकी उघडी राहू लागली.

मटण हा शब्द मात्र त्यांनी कधी उच्चारला नाही. नाकाला उपरणं लावून ते कुंपणापाशी यायचे आणि आईला विचारायचे, “काकू, आज ते केलंय का? मसाल्याआधी काढा हं.” मांजर आमच्या ओट्यावर जेवायची. घरात घेताना ते तिच्यावर पाणी शिंपडायचे.

श्रावण लागला. आई म्हणाली, “आता महिनाभर न्हाय. आमी श्रावण पाळतो.”

उपरणं नाकावरून खाली आलं. “तुम्ही? तुम्ही कशाला पाळता? मुका जीव उपाशी ठेवलात तर पाप लागेल, काकू!”

श्रावणात मटण न शिजवल्याचं पाप सांगणारा सोवळा माणूस मी तेवढा एकच पाहिला.