जव्हारला चायनीज खायला

मूर्खपणा आधी कबूल करते, म्हणजे पुढचा प्रवास हलका होईल.

चोवीस वर्षांची असताना मी सूर्यमाळच्या शाळेत शिक्षिका होते. नाशिकहून आलेली, दोन वेण्या घालणारी आणि आपल्याला सगळं कळतं अशी पक्की खात्री असलेली. ती पोरगी आज भेटली तर मी आधी तिची एक वेणी ओढीन, मग दुसरी. बालवाडीची ताई जानकी माझी मैत्रीण. एका रविवारी ती मला तिच्या पाड्यावर (वस्तीवर) घेऊन गेली. घरात नवा भात आला होता. तिच्या आईनं चुलीवरची हंडी उतरवली, खेकड्यांच्या रश्श्यावरचं झाकण काढलं आणि विचारलं, “बाय, जेवतेस ना?”

“नको नको, आत्ताच जेवून आले.”

पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नव्हतं. पण आमच्याकडे पाहुणा दोनदा नको म्हणतो आणि तिसऱ्या आग्रहाला ‘तुम्ही एवढं म्हणताय म्हणून’ असं पुटपुटत ताटावर तुटून पडतो. मी दुसऱ्या आग्रहाची वाट बघत बसले. आई म्हणाली, “बरा.” आणि माझ्यासाठी मांडलेली थाळी उचलून ठेवली. मी अशी फुगले, की कुडाच्या भिंतीकडे तोंड करून बसले. कोण काय जेवलं, किती जेवलं, पाहिलंसुद्धा नाही. खोलीवर येऊन ग्लुकोजची बिस्किटं खाल्ली आणि ठरवलं, कंजूष आहेत ही माणसं. पुन्हा तिच्या घरी गेले नाही. दोन महिन्यांनी बदली झाली, तेव्हा निरोपही घेतला नाही.

खूप वर्षांनी लता एका लग्नात भेटली. लता सूर्यमाळला माझ्याच खोलीत राहायची. तीही शिक्षिका, पुढे जव्हारच्या कापडदुकानदाराच्या घरात पडली. ती म्हणाली, “तुला तिच्या घरचं अन्न चालत नाही, असं वाटलं गं जानकीला.” त्या दिवसापासून माझ्या घशात एक घास अडकलेला आहे. जो खाल्लाच नाही, तो घास.

मधल्या काळात जानकी मुलाबरोबर भिवंडीला राहत होती. परवा लताचा फोन आला, जानकी गावी परतली आहे, तुला भेटायला तयार आहे. पण घरी नाही. तिचा निरोप असा होता, “जव्हारला चायनीजच्या हॉटेलात बसू. तिथं कोण कोणाला वाढत नाय.”

सकाळी नाशिकहून एसटी धरली. कंडक्टरनं विचारलं, “आजी, देवदर्शन का?”

“चायनीज खायला.”

त्यानं तिकीट फाडता फाडता माझ्याकडे दोनदा पाहिलं. “मग त्र्यंबकलाच उतरा की, तिथंही मिळतं.”

तोरंगणचा घाट लागला तशी मी खिडकी उघडली. दरीत भाताची खाचरं कापून झाली होती, उतारावर नागली (नाचणी) अजून उभी होती. मोखाड्याला बस थांबली. सूर्यमाळला जाणारी जीप समोरच भरत होती. चढावं का? गुडघ्यांनी नाही म्हटलं, आणि बोलावणंही नव्हतं. उतरून चहा घेतला तेवढ्यात माझ्या चपलेचा अंगठा तुटला. पुढचा प्रवास मी चप्पल सुतळीनं बांधून केला. चोवीसच्या पोरीला हे दिसलं असतं तर लाजेनं मेली असती. मेली असती तर बरंच झालं असतं.

जव्हारच्या स्टँडवर लता उभी होती. हॉटेल जवळच. लाल कागदी कंदील, भिंतीवर ड्रॅगन आणि ड्रॅगनखाली गणपती. जानकी आधीच येऊन बसली होती. केस पांढरे, नजर तीच. मी काही बोलायच्या आत तिनं माझ्या पायांकडे पाहिलं.

“बाय, बैलासारखा पाय बांधून आणलास तो? पळशील म्हणून?”

मी हसले, आणि डोळ्यांना काय झालं कळेना.

दुपारची स्पेशल थाळी म्हणजे सूप, मंचुरियन, फ्राइड राइस आणि नूडल्स. तिघींत दोन पुरतील, असं जानकीनंच ठरवलं. भिवंडीत राहून ती यातली पंडित झालेली. “भैया, शेजवान अलग से देना, और एक खाली प्लेट.” माझ्या नूडल्स काट्यावरून चारदा निसटल्या, लतानं सुरीनं कापून दिल्या, नातवाला देतात तशा. एकीचं सूप दुसरीच्या वाटीत, दुसरीचा भात तिसरीच्या ताटात. शेवटी थोडा भात आणि मंचुरियनचा एक गोळा उरला.

“घेतेस?” जानकीनं विचारलं.

“नको नको, तू घे.”

तिनं घेतला आणि खाल्ला. मी बघत राहिले. लताला हसता हसता ठसका लागला. “अगं, त्यांच्याकडे एकदाच विचारतात! अजून नाही कळलं तुला?”

मग मात्र मी बोलले. “जने, त्या दिवशी मला भूक होती. खूप. मला तुझ्या आईच्या हातचं खायचं होतं.”

जानकीनं चमचा खाली ठेवला. “आईला माहीत होता. तोंड सुकलेला तुझा.”

“मग परत का नाही विचारलं?”

“तू नाय म्हणलीस. परत विचारला म्हंजे तू खोटी, असा झाला ना. घरी आलेल्या माणसाला खोटी कसा पाडायचा?” मग म्हणाली, “तुझी थाळी झाकून ठेवली होती. अंधार पडेस्तोवर. येशील म्हणून.”

आई जाऊन सहा वर्षं झाली. ते कुडाचं घरही पाडलं. तिथं आता पत्र्याचं आहे. लता मालकाशी बोलायच्या निमित्तानं उठून गेली.

परतीची बस लागली. खिडकीशी बसले तेव्हा वाटलं, आग्रहाला मी आयुष्यभर माया समजत आले. कोणी माझा शब्द पहिल्यांदाच खरा मानला होता, तर मी त्याला कंजुषी म्हटलं. खेकड्यांच्या त्या रश्श्याचा नुसता वास आजही आठवतो. चव कुठून आठवणार?

जानकी खिडकीखाली आली. हातात उरलेल्या भाताचं पार्सल. “नेतेस क…”

“हो!” मी तिचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. दोन्ही हात खिडकीबाहेर काढले.

तिनं पिशवी माझ्या हातात दिली, पण लगेच सोडली नाही. बस सुरू झाली तेव्हा म्हणाली, “अशी तेव्हा बोलली असतीस ना बाय, तर त्या दिवशी आईपण जेवली असती.”